स्वयंपाकघरातला पाहुणा आणि ऑगस्टमधले मेलेले नर : अँटिकायनस या प्राण्याविषयी

अबोली_डी | 18 ऑगस्ट

मेलबर्नच्या पूर्वेला डँडेनाँगची डोंगररांग आहे. तिच्या उतारावर, उंच निलगिरी आणि वृक्षनेच्यांच्या जंगलाला अगदी खेटून असलेल्या एका जुन्या लाकडी घरात आम्ही दीड वर्षापूर्वी राहायला आलो. इथे जुलै म्हणजे ऐन हिवाळा. या जुलैत रात्री छताच्या वर खुडबुड ऐकू येऊ लागली आणि ओट्याखालच्या खणात काळ्या, टोकदार, उग्र वासाच्या लेंड्या दिसू लागल्या. उंदीर शिरला असे समजून माझ्या नवऱ्याने चापाचा सापळा लावला आणि दुसऱ्याच सकाळी त्यात एक राखाडी-तपकिरी जीव मेलेला सापडला. तो कचऱ्यात टाकण्याआधी सहज नीट पाहिला, तर त्याचे तोंड उंदरापेक्षा बरेच निमुळते, कान मोठे आणि पातळ, आणि पुढच्या पायांना पाच-पाच बोटे. शेजारच्या वृद्ध बाईंना दाखवला तेव्हा त्या हळहळल्या आणि म्हणाल्या की हा उंदीर नव्हेच, हा अँटिकायनस, म्हणजे कांगारूच्या दूरच्या गोतावळ्यातला. आम्ही सापळा त्याच दिवशी उचलला.

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. गेल्या आठवड्यात अंगणात, मागच्या पायऱ्यांवर आणि लाकडांच्या ढिगाशी असे तीन प्राणी मेलेले दिसले. चौथा भर दुपारी पायरीवर आला. त्याच्या पाठीवरचे केस ठिकठिकाणी गळले होते, एक डोळा चिकटला होता, चालताना तोल जात होता, तरीही तो एखादे काम राहून गेल्यासारखा इकडून तिकडे हिंडत होता. माणसाची त्याला भीती वाटत नव्हती. संध्याकाळी तोही मेला. चारही नर होते, एवढे मलाही ओळखता आले. आसपास कोणी विष ठेवले असावे अशी मला शंका आली, पण शेजारच्या बाई शांतपणे म्हणाल्या, ‘ऑगस्ट आहे, असेच होते.’ म्हणजे नक्की काय होते, हे इथे कोणी सविस्तर सांगू शकेल का?

रानवेडा | 18 ऑगस्ट

अबोलीताई, तुम्ही दिलेल्या वर्णनावरून आणि ठिकाणावरून हा ‘अजाईल अँटिकायनस’ असावा. व्हिक्टोरियाच्या ओलसर जंगलांत तो बराच आढळतो. 1998 पर्यंत तो तपकिरी अँटिकायनसमध्येच गणला जाई, नंतर त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला. वजन साधारण 16 ते 40 ग्रॅम, मादी लहान आणि नर मोठा.

ओळखण्याची सर्वांत खात्रीची खूण दात ही आहे. उंदराला पुढे वर दोन आणि खाली दोन असे पटाशीसारखे दात असतात, आणि ते सतत वाढत असल्यामुळे त्याला काही ना काही कुरतडत राहावे लागते. अँटिकायनसच्या वरच्या जबड्यात पुढे बारीक दातांची रांग असते, मागे अणकुचीदार सुळे असतात, म्हणजे मांजराच्या तोंडाची छोटी आवृत्ती. त्यामुळे तो वायर, लाकूड किंवा धान्याची पोती कुरतडत नाही. खणात त्याला बहुधा झुरळे मिळत असणार. दुसरी खूण चाल. तो झटके देत, थांबत-पळत चालतो आणि फांदीच्या खालच्या बाजूने उलटा लटकतही सहज धावतो, कारण त्याच्या तळव्यांवर आडव्या घड्या असतात.

नरांच्या मृत्यूबद्दल हिरडा सरांनी लिहावे. त्यांनी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले आहे आणि हा त्यांचा आवडता विषय आहे.

हिरडा | 19 ऑगस्ट

रानवेडा यांनी माझे नाव घेऊन मला कामाला लावले आहे, तेव्हा थोडे विस्ताराने लिहितो.

अबोलीताई, आपल्या अंगणात कोणीही विष ठेवलेले नाही. त्या नरांचे आयुष्य तेवढेच होते. अँटिकायनसचे नर वयाचे सुमारे साडेअकरा महिने पूर्ण होता होता, विणीचा हंगाम संपताच, एकाच पंधरवड्यात सगळेच्या सगळे मरतात. ‘सगळे’ हा शब्द मी अतिशयोक्ती म्हणून वापरलेला नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्या जंगलात या जातीचा एकही प्रौढ नर जिवंत नसतो. केवळ गाभण माद्या असतात, आणि पुढच्या वर्षीचे नर अजून त्यांच्या पोटात असतात. सस्तन प्राण्यांत अशी उदाहरणे फार थोडी आहेत आणि ती जवळजवळ सगळी ऑस्ट्रेलियातल्या याच मांसाहारी शिशुधान (म्हणजे ज्यांची पिल्ले अर्धवट वाढलेली जन्मून आईच्या पोटावर वाढतात अशा) कुळातली आहेत.

आता हे कसे घडते ते पाहू. हंगाम हिवाळ्यात येतो आणि दोन-तीन आठवडेच टिकतो. एका ठिकाणच्या सर्व माद्या जवळपास एकाच वेळी माजावर येतात, आणि ती तारीख वर्षानुवर्षे फारशी हलत नाही. हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस उलटल्यावर दिवस मोठा होऊ लागतो, आणि तो रोज किती वेगाने मोठा होतो आहे, हे त्यांच्या शरीराला कळते. दिवसाच्या लांबीपेक्षा त्या लांबीतल्या बदलाच्या वेगाला येथे महत्त्व आहे, आणि निरनिराळ्या जातींचा ठरलेला वेग निरनिराळा आहे. म्हणूनच एकाच जंगलात दोन जाती राहत असल्या, तरी त्यांच्या विणीच्या तारखा एकमेकींत मिसळत नाहीत. पंचांग पाहून मुहूर्त काढावा तसा हा प्रकार आहे, फक्त पंचांग अंगातच आहे.

नराची तयारी आणखी विचित्र असते. हंगाम सुरू होण्याच्या आधीच त्याच्या वृषणांत नवे शुक्रजंतू तयार होणे बंद होते. जे तयार झाले ते अधिवृषणात, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या नळीत, साठलेले असतात, आणि त्यातलेही काही रोज मूत्रावाटे वाया जातात. म्हणजे शिल्लक ठरलेली आहे, ती रोज घटते आहे आणि नव्याने भर पडणार नाही. एकेक मीलन बारा-चौदा तासांपर्यंत चालू शकते. एकातून सुटला की नर दुसऱ्या मादीच्या शोधात निघतो, खाण्याकडे फारसे लक्ष देत नाही.

हे सारे रेटून नेण्यासाठी लागणारी शक्ती कॉर्टिसॉल पुरवतो. ताणाच्या प्रसंगी मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून सुटणारे हे संप्रेरक आपल्यातही आहे. ते स्नायूंतील प्रथिने मोडून त्यांची साखर करते आणि उपाशी शरीराला पळते ठेवते. एरवी रक्तातील बराचसा कॉर्टिसॉल एका वाहक प्रथिनाला बांधलेला राहतो, आणि प्रमाण वाढले की मेंदूकडून ते थांबवण्याची सूचना जाते. या नरांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे नराचे संप्रेरक चढले की ते वाहक प्रथिन घटते आणि थांबवण्याची यंत्रणाही काम करीनाशी होते. मोकळा कॉर्टिसॉल वाढतच जातो. परिणामी जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो, रोगप्रतिकारशक्ती कोसळते, अंगावरचे आणि पोटातले परजीवी बळावतात, केस गळतात. आपण पायरीवर पाहिलेला नर या अवस्थेतला होता. त्याच्या फिरण्यामागे खरोखरच एक ‘राहिलेले काम’ होते, तो शेवटपर्यंत मादी शोधत होता.

1970 आणि 80 च्या दशकांत मेलबर्नच्याच मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी हे रक्तातले गणित उलगडले. हंगामाआधी पकडून एकटे ठेवलेले किंवा खच्ची केलेले नर ती वेळ उलटल्यावरही जगतात, हेही दिसून आले आहे. तेव्हा हे म्हातारपण नव्हे, हंगामाने घेतलेला बळी आहे.

चकवा | 19 ऑगस्ट

सर, उत्तम माहिती. एक शंका आहे. मी असे वाचले होते की हे नर पुढच्या पिढीसाठी जागा आणि अन्न मोकळे करून देण्यासाठी मरतात, म्हणजे बाप लेकरांसाठी त्याग करतो. हे स्पष्टीकरण मला पटणारे वाटले होते. ते चुकीचे आहे का?

हिरडा | 20 ऑगस्ट

चकवा, हे स्पष्टीकरण ऐकायला फार गोड आहे आणि म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले. अडचण अशी की नर मेल्यामुळे वाचलेले किडे कोणाची पिल्ले खाणार? त्याची स्वतःची आणि इतर सगळ्यांचीही. समजा एखादा नर मेला नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा जुगला, तर त्याची संतती वाढेल आणि दोन-चार पिढ्यांत असे न मरणारेच सर्वत्र दिसतील. निसर्गनिवड अशा फुकट्याला थोपवू शकत नाही. त्यामुळे ‘जातीच्या भल्यासाठी’ हे उत्तर गणितात बसत नाही.

2013 मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठाच्या डायना फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुळातील अनेक जातींची तुलना करून निराळे उत्तर मांडले, आणि मला ते सर्वांत बळकट वाटते. त्याची सुरुवात मादीपासून होते. जिथे किड्यांची रेलचेल वर्षातून एकदाच आणि नेमक्या काळात होते, तिथे पिल्लांचे दूध तुटण्याची वेळ त्या रेलचेलीशी जुळवणे मादीच्या हिताचे असते. त्यासाठी सर्व माद्या एकाच वेळी वितात, म्हणजेच एकाच वेळी माजावर येतात. त्या अनेक नरांशी जुगतात आणि शुक्रजंतू काही दिवस, कधी कधी दोन आठवड्यांपर्यंत, अंडनलिकेच्या बारीक कप्प्यांत साठवून ठेवतात. म्हणून नरांची खरी झुंज मादीच्या शरीरात, शुक्रजंतूंमध्ये लागते. ज्याने जास्त वेळ, जास्त माद्यांशी, जास्त शुक्रजंतू दिले, त्याची पिल्ले जास्त. आणि पुढच्या हंगामापर्यंत एवढासा प्राणी जगण्याची शक्यता आधीच कमी असेल, तर सर्व शिल्लक याच हंगामात उधळणारा नर हात राखून खर्च करणाऱ्यापेक्षा अधिक संतती मागे ठेवतो. मृत्यू हा त्या उधळपट्टीचा परिणाम आहे, हेतू नव्हे.

मादीला यातून काय मिळते तेही पाहण्यासारखे आहे. 2006 मध्ये याच गटाने तपकिरी अँटिकायनसवर केलेल्या प्रयोगात, एकाच नराशी जुगलेल्या माद्यांच्या तुलनेत अनेक नरांशी जुगलेल्या माद्यांची पिल्ले जवळजवळ तिप्पट प्रमाणात जगली. एकाच वेतात चार बापांची पिल्लेही सापडतात.

कातळवाट | 20 ऑगस्ट

वाचताना मला आमच्या संगमेश्वराकडची कारवी आठवली. सात वर्षांनी, काही ठिकाणी आठ वर्षांनी, अख्खा डोंगर एकाच वेळी जांभळा होतो, मधमाश्यांची चंगळ होते, आणि बी धरले की ती सगळी झाडे वाळून जातात. कळकाचेही तसेच, फुलोरा आला की बेट संपले. प्राण्यांतही असा हिशेब असेल याची कल्पना नव्हती.

हिरडा | 20 ऑगस्ट

कातळवाट, अगदी योग्य दाखला. शास्त्रात या दोन्हींना एकाच सदरात टाकतात, आयुष्यात एकदाच प्रजनन करणारे जीव. फरक इतकाच की कारवीच्या एकाच फुलात स्त्री आणि पुरुष दोन्ही अंगे असल्यामुळे अख्खे झाड जाते, येथे मात्र फक्त नर जातो. मादी निदान दूध तुटेपर्यंत जगते, आणि काही माद्या दुसऱ्या वर्षीही वितात.

रात्रपाळी | 21 ऑगस्ट

झोपेचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा असल्यामुळे एक भर घालतो. जानेवारी 2024 मध्ये मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठातील संशोधकांनी व्हिक्टोरियातल्या अँटिकायनसच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध केला. विणीच्या हंगामात काळसर अँटिकायनसच्या नरांची झोप रोज सरासरी तीन तासांनी घटली आणि हे सलग तीन आठवडे चालले. एका नराने तर झोप निम्म्यावर आणली. एरवी हा प्राणी दिवसातून पंधरा तासांच्या आसपास झोपतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यागाचे मोल कळते. टेस्टोस्टेरॉन जितके जास्त तितकी हालचाल जास्त आणि झोप कमी, असा संबंधही त्यांना दिसला. मात्र मृत्यूचे कारण जागरण हेच, असे ते म्हणत नाहीत, कारण तीन तासांची घट जिवावर बेतण्याइतकी मोठी नाही.

माझ्या पत्नीने हा परिच्छेद वाचून ‘तुम्ही कशासाठी जागता?’ असा प्रश्न विचारला आहे. त्याचे उत्तर या धाग्यावर देणे विषयांतर ठरेल.

माणगावकर_वहिनी | 21 ऑगस्ट

मला हा प्राणी वर्णनावरून आपल्या चिचुंद्रीसारखा वाटतो. तेच निमुळते तोंड, तोच उग्र वास, तेच झुरळे खाणे. आमच्याकडे न्हाणीत चिचुंद्री फिरते तिला कोणी मारत नाही. ही तिची बहीण का म्हणू नये?

रानवेडा | 21 ऑगस्ट

वहिनी, दिसण्यात आणि उद्योगात साम्य आहे, रक्ताचे नाते मात्र फार फार दूरचे आहे. चिचुंद्रीची पिल्ले आईच्या गर्भाशयात वारेच्या आधाराने बरीच वाढून जन्मतात. अँटिकायनसची पिल्ले सुमारे 27 दिवसांतच जन्मतात, तांदळाच्या कणीएवढी, डोळे-कान मिटलेली, मागचे पाय नुसत्या कोंबासारखे. पुढच्या पायांनी केसांतून सरपटत ती स्तनाग्रापर्यंत पोहोचतात आणि ते तोंडात घट्ट धरून पाच-सहा आठवडे तिथेच लटकून राहतात. नातेच सांगायचे तर हा प्राणी चिचुंद्रीपेक्षा टास्मानियन डेव्हिलला जवळचा आहे. फटींतले किडे शोधून खाणारा लहान प्राणी कुठल्याही खंडात झाला, तरी त्याचे तोंड निमुळतेच होणार. धंदा एक, म्हणून अवजार एक.

यात एक कठोर भाग आहे, तोही सांगतो. मादीला स्तनाग्रे मोजकीच असतात, काही ठिकाणच्या माद्यांना सहा, काहींना आठ, काहींना दहा. पिल्ले मात्र त्याहून जास्त जन्मतात. ज्यांना जागा मिळाली ती जगतात, उरलेली काही वेळातच मरतात. पंक्तीत पाने मांडून झाल्यावर आलेल्यांना इथे दुसरी पंगत नसते.

फुलपाखरी | 23 ऑगस्ट

मी पर्थच्या दक्षिणेला राहते. आमच्याकडच्या भागात पिवळ्या पायांचा अँटिकायनस आहे. इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले त्याचे नाव ‘मार्डो’, आणि ते इंग्रजी बोलणारेही सर्रास वापरतात. डोके राखाडी, कुशी आणि पाय तांबूस-पिवळे, डोळ्याभोवती फिकट कडे, शेपटीचे टोक काळे. हा दिवसाही बिनधास्त हिंडतो, त्यामुळे पाहायला सोपा. मोठ्या भक्ष्यावरही तो हल्ला करतो. उंदीर मारून खाल्ला तर त्याचे कातडे मोज्यासारखे उलटे करून, व्यवस्थित सोलून टाकलेले सापडते. स्वच्छतेच्या बाबतीत आमच्या घरातल्या मुलांपेक्षा पुढे आहे.

अबोलीताई, मेलेल्या नरांना हात लावू नका आणि फेकण्याची घाईही करू नका. पक्षी आणि इतर प्राणी त्यांचा निकाल लावतात. ऑगस्ट 2023 मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या न्यू इंग्लंड राष्ट्रीय उद्यानात एक काळसर अँटिकायनस आपल्याच जातभाईचे कलेवर खाताना दिसला होता. हिवाळ्यात, विणीच्या ऐन काळात, एवढे मांस फुकट मिळत असेल तर ते सोडणार कोण?

चकवा | 23 ऑगस्ट

म्हणजे बाप लेकरांसाठी त्याग करीत नसला, तरी लेकरांच्या आईच्या पोटात जाऊ शकतो. माझे जुने स्पष्टीकरण अगदीच वाया गेले नाही, असे समजून मी समाधान मानतो.

हिरडा | 24 ऑगस्ट

पोट भरते हे मान्य. पण तो त्यासाठी मरत नाही, एवढे कृपया लिहून ठेवा.

शिंपला | 2 सप्टेंबर

धागा उशिरा वाचला. वणव्यांत या प्राण्यांचे काय होते, याची कोणाला माहिती आहे का? 2019-20 च्या वणव्यांची छायाचित्रे पाहताना मोठ्या प्राण्यांबद्दलच बोलले जात होते.

हिरडा | 3 सप्टेंबर

चांगला प्रश्न. वणव्याच्या वेळी जे कपारीत, मातीखाली किंवा जाड खोडाच्या ढोलीत असतात, त्यांपैकी काही वाचतात. खरे संकट नंतर असते, कारण अन्न नाही, आडोसा नाही, आणि काळ्या राखेवर घुबडाला व कोल्ह्याला सगळे स्वच्छ दिसते. न्यू इंग्लंड विद्यापीठातील फ्रिट्झ गायझर यांच्या गटाने हेतुपुरस्सर लावलेल्या आगीनंतर तपकिरी अँटिकायनसच्या माद्यांवर लक्ष ठेवले आणि 2015 मध्ये निष्कर्ष मांडले. या माद्यांनी दिवसाचे हिंडणे कमी केले आणि तात्पुरत्या सुप्तावस्थेत जाण्याचे प्रमाण वाढवले. म्हणजे शरीराचे तापमान आणि चयापचय काही तासांसाठी खाली आणायचे, कमी अन्नात भागवायचे आणि घुबडाच्या नजरेपासून दूर राहायचे. एरवी हिवाळ्यात हा प्राणी रोज स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक वजनाचे किडे खातो. ज्याची भूक एवढी, त्याला ती मिटवून बसता येणे म्हणजे किती मोठी सोय आहे याची कल्पना करा.

तरीही वणवा नेमका केव्हा लागतो, यावर फार काही अवलंबून आहे. नर मरून गेल्यानंतर आणि पिल्ले घरट्यात असताना आग लागली, तर तेवढ्या पट्ट्यातली पुढची पिढीच जाते, कारण मागच्या वर्षीचा राखीव नर कोणीच उरलेला नसतो. वर्षातून एकदाच पेरणी करणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याची जी अवस्था, तीच यांची. थोड्याच डोंगरमाथ्यांवर उरलेल्या जातींना हा धोका अधिक आहे. क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या सीमेवरचा काळ्या शेपटीचा अँटिकायनस 2014 मध्ये शास्त्राला नव्याने कळला, त्याच्या आदल्या वर्षी क्वीन्सलँडमधल्या क्रूम्बिट टॉप्सचा रुपेरी डोक्याचा. प्राणिशास्त्रज्ञ अँड्र्यू बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळात एकापाठोपाठ एक नव्या जाती नोंदवल्या, आणि या दोघी तर नाव मिळून काही वर्षे होतात न होतात तोच संकटग्रस्त ठरल्या.

अबोली_डी | 9 नोव्हेंबर

सर्वांची क्षमा मागते, बरेच दिवस इथे आले नाही. येण्याचे कारण मात्र मोठे आहे.

भारतातून आणलेली, आजीने शिवलेली एक गोधडी आम्ही वाहनघरात खोक्यात ठेवली होती. काल ती उन्हात घालण्यासाठी काढायला गेले, तर खोक्याच्या कडेला वाळकी पाने, सालीचे धागे आणि गोधडीतून उपसलेला कापूस यांचा गोळा दिसला, आणि त्यात हालचाल. केस नुकते फुटू लागलेली, बोटाच्या पेराएवढी पिल्ले एकमेकांना बिलगून होती. मोजली तर सात असावीत, एखादे खाली दडलेले असेल. मी झाकण लावून मागे फिरले, तेवढ्यात आई कपाटामागून आली, माझ्याकडे एकदा पाहिले आणि थेट खोक्यात शिरली.

गोधडीचा एक कोपरा गेला. आईला दूरध्वनीवर सांगितले, तेव्हा ती म्हणाली की आजी असती तर तिने स्वतःच आणखी कापूस काढून दिला असता.

आता प्रश्न व्यावहारिक आहेत. खोका हलवावा का? पिल्ले किती दिवस राहतील? आणि रानवेडा, पिशवी मला कुठे दिसली नाही, कांगारूसारखी असते असे मी समजत होते.

रानवेडा | 9 नोव्हेंबर

खोका मुळीच हलवू नका. आई रात्री किडे शोधायला जाते आणि परत तिथेच येते. जागा बदलली तर ती पिल्ले कायमची गमावू शकते.

पिशवीबद्दल तुमचा समज चुकीचा असला तरी स्वाभाविक आहे. या मादीला खरी पिशवी नसते. विणीच्या वेळी पोटावरची कातडी कडेने थोडी उचलली जाते, एवढाच तिचा आडोसा. पिल्ले स्तनाग्रांना लटकलेली असताना ती उघडीच असतात, आणि मोठी होऊ लागली की आई धावताना अक्षरशः फरपटत जातात. ते ओझे तिला पेलवेनासे झाले की ती त्यांना घरट्यात ठेवून एकटी शिकारीला जाऊ लागते. तुमच्याकडे आता हा टप्पा आहे. दूध पूर्ण तुटायला डिसेंबर अखेर किंवा जानेवारी उजाडेल.

तोपर्यंत तीन गोष्टी सांभाळा. उंदरांसाठी विषारी गोळ्या घरात किंवा आवारात कुठेही ठेवू नका, कारण त्या खाऊन सुस्तावलेला उंदीर तिने मारला तर विष तिच्या अंगात जाईल, आणि तिला मारणाऱ्या घुबडाच्याही. मांजर असेल तर रात्री घरात ठेवा. आणि स्वयंपाकघरात येणे बंद करायचे असेल तर पिल्ले गेल्यानंतर, उन्हाळ्याच्या शेवटी फटी बुजवा. आत्ता बुजवल्यात तर आई बाहेर आणि पिल्ले आत अडकतील. हे स्थानिक वन्यप्राणी असल्यामुळे व्हिक्टोरियात त्यांना 1975 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, हेही यजमानांच्या कानावर घाला.

अबोली_डी | 10 नोव्हेंबर

यजमानांच्या कानावर घालण्याची गरज उरली नाही. ज्या माणसाने जुलैत सापळा लावला, तोच काल रात्री वाहनघरात गाडी न लावता ती पावसात बाहेर ठेवून आला.

माणगावकर_वहिनी | 10 नोव्हेंबर

हे वाचून फार बरे वाटले. गोधडीचा कोपरा पुन्हा शिवता येईल, जुन्या लुगड्याचा तुकडा मी पाठवीन.

अबोली_डी | 17 जानेवारी

शेवटची नोंद करते. डिसेंबरच्या मध्यापासून पिल्ले रात्री खोक्याबाहेर येऊ लागली. लाल कागद लावलेल्या विजेरीच्या उजेडात आम्ही त्यांना छताच्या तुळयांवरून उलटे धावताना पाहिले. नाताळानंतर संख्या कमी होत गेली. आता खोक्यात आई आणि बहुधा दोन पिल्ले आहेत, आणि दोन्ही माद्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. मुलगे कुठे गेले असतील?

हिरडा | 18 जानेवारी

आपला अंदाज बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. दूध तुटल्यावर मुलगे जन्मस्थान सोडून लांब जातात आणि परक्या माद्यांच्या घरट्यांत सामावून घेतले जातात. मुली बहुधा आईच्याच परिसरात राहतात. यामुळे पुढच्या हिवाळ्यात भाऊ आणि बहीण, किंवा आई आणि मुलगा, समोरासमोर येण्याचा प्रसंग टळतो. आपल्याकडे लेक सासरी जाते, इथे लेक माहेरी राहते आणि लेकाची पाठवणी होते.

ही दोन-तीन मंडळी हिवाळ्यात एकटी राहणार नाहीत. थंडीत अनेक प्राणी एकाच ढोलीत दाटीवाटीने झोपतात, आणि त्यांत दुसरीकडून आलेले नरही असतात. तेव्हा जुलैत छतावर पुन्हा खुडबुड वाढली तर नवल नाही.

अबोली_डी | 18 जानेवारी

खोका आहे तिथेच ठेवला आहे. वहिनींनी पाठवलेला लुगड्याचा तुकडा मिळाला, पण कोपरा शिवायला गोधडी अजून रिकामी व्हायची आहे.